दाजींच्या गाडीची चावी

मी, खाली सही करणारी, वय ५१ वर्षे, धंदा नोकरी (दवाखान्यात ईसीजी काढणे), राहणार दवाखान्यामागची गल्ली, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

तक्रारदार हे माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. ते मोटार चालवायला शिकवतात. मंगळवारी सकाळी सव्वादहाला ते दवाखान्यात आले. चार दिवस जिना चढताना छाती जड होते व जबडा दुखतो, असे त्यांनी सांगितले. हे पित्त आहे, असेही त्यांनीच सांगितले. ताईला कळवू नको म्हणाले.

दहा वीसला मी ईसीजी काढला. ठोक्यानंतर रेघ पातळीवर यायला हवी, ती खाली दबलेली होती आणि पुढचा उंचवटा उलटा पडला होता. गेल्या वर्षीच्या कागदावर असे काही नव्हते. हृदयाला रक्त कमी पडते आहे, असे सांगून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या व मोठ्या रुग्णालयात न्यायला अँब्युलन्स बोलावली. त्यावर, अकराला एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवायची आहे, असे सांगून दाजी शर्टाची बटणे लावू लागले.

तेव्हा टेबलावरची चावी मी उचलून एप्रनच्या खिशात टाकली. हे खरे आहे. दाजी म्हणाले, "ही चोरी आहे." मी म्हटले, "मग पोलिसांना बोलवा. पण आडवे पडून बोलवा." त्यांनी तसेच केले.

पावणेअकराला हवालदार आले. त्यांच्यासमोर दुसरा ईसीजी काढला. सव्वीस वर्षांत प्रथमच माझ्याकडून दोन वायरींची अदलाबदल झाली. त्या काढून पुन्हा लावल्या. रेघ आणखी खाली गेली होती. कागदात काय दिसते, असे दाजींनी हवालदारांना विचारले. ते म्हणाले, "मला यातलं कळत नाही. पण या बाईंचा चेहरा बघून मी तरी गाडी चालवली नसती."

मग दाजी म्हणाले, "तुझ्या ताईला फोन लाव."

दुपारी मोठ्या रुग्णालयात एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद आढळली. ती उघडून स्टेंट बसवला. प्रकृती आता ठीक आहे. तक्रार मागे घेतली तर मेहुणी डोक्यावर बसेल, म्हणून ती मागे घेणार नाही, असा त्यांचा निरोप आहे.

ताईचे माझ्याविरुद्ध काही म्हणणे नाही. ती काल माझ्याकडे आली व माझ्या कपाटातल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घालून गेली.

हा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. फक्त तक्रारदाराने आपले वय अठ्ठावन्न लिहवले आहे. ते चौसष्ट करावे.