बारा हजार खेळ आणि एक टोपली

...आणि वर म्हणतात काय, "दोन मिनिटांचं काम आहे, जावईबापू!" आता तुम्हाला सांगतो, माझे सासरे ज्याला दोन मिनिटांचं काम म्हणतात ना, त्याला तीन रविवार लागतात. मी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे हे खरं, पण तिथे मी लोकांच्या रजा मंजूर करतो हो! कितीदा सांगितलं त्यांना. ऐकतो कोण?

सासरे शाळेत गणित शिकवायचे. चाळीस वर्षांपूर्वी, घरात साधा फोन नव्हता तेव्हा, त्यांनी कॉम्प्युटर आणला. म्हणजे कसा, तर नुसता कीबोर्ड, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, गाण्याची असते तसलीच कॅसेट लावायची, मग ती सहा मिनिटं शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळणार, आणि नशिबात असेल तर पडद्यावर खेळ येणार. नसेल तर? गुंडाळा मागे, करा पुन्हा सुरू...

तर निवृत्तीनंतर सासऱ्यांनी तो माळ्यावरून काढला, आणि कुठंतरी वाचलं की आता म्हणे एक छोटीशी पट्टी मिळते, ती कॉम्प्युटरच्या मागे खोचायची, तिच्यात कॅमेऱ्याचं असतं तसं मेमरी कार्ड घालायचं, की त्या म्हाताऱ्या मशीनला वाटतं जगातल्या सगळ्या कॅसेटी आपल्याच पोटात आहेत. पट्टी घरी आली आणि मला फोन. दोन मिनिटांचं काम आहे!

पहिला रविवार पट्टी बसवण्यात गेला. मागची पितळी टोकं काळी पडलेली, ती मी खोडरबरानं घासत बसलो. दुसऱ्या रविवारी कार्ड. मी ऐटीत नवंकोरं, भलंमोठं कार्ड नेलं, तर पट्टी त्याच्याकडे ढुंकून बघेना. तिला हवं कमी मेमरीचं, लहान, जुनं. दुकानदाराला विचारलं, तर म्हणतो, "साहेब, मोठं मागायला लोक येतात. लहान मागणारे तुम्ही पहिलेच." शेवटी बायकोच्या जुन्या कॅमेऱ्यातलं काढलं.

तिसऱ्या रविवारी चाललं! पडद्यावर यादी. बारा हजार खेळ! एकेक दोन सेकंदांत सुरू. मी छाती काढून उभा... आणि सासरे चष्मा लावून यादी खालीवर करतायत, करतायत, आणि विचारतात काय, "यात टोपली कुठंय?"

टोपली म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेला खेळ. माझी बायको आठ वर्षांची असताना तिचा पाय मोडला होता, दोन महिने प्लास्टर. तिच्यासाठी लिहिला. वरून फळं पडतात, खाली टोपलीत झेलायची, बस्स. सासूबाई लग्नाआधी टायपिस्ट होत्या, म्हणून हे वहीतून ओळ वाचायचे आणि त्या टाइप करायच्या. "आठवड्यात जिंकायला लागली पोरगी!" हे मी लग्नापासून किमान दोनशेदा ऐकलंय.

आता तो बारा हजारांत कसा असेल? तो होता एका कॅसेटवर. "एकदा मशीनमध्ये चढवायचा, पट्टीवरचं बटण दाबायचं, की गेला कार्डात. दोन मिनिटांचं काम आहे."

सात वेळा लावली हो कॅसेट! सातही वेळा किंचाळली नि मध्येच गप्प. सातव्यांदा सासऱ्यांनी टेपरेकॉर्डर बंद केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावलाच नाही. "ताणली गेली असणार फीत," एवढंच म्हणाले. आणि मी, जो सकाळपासून सटकायला बघत होतो, तो तिथून हलू शकलो नाही बघा.

तेवढ्यात सासूबाई आतून हात पुसत आल्या. आवाजाचं बटण जरा मागे घेतलं, टेपरेकॉर्डरच्या झाकणाचा डावा कोपरा बोटानं दाबला, कॅसेट सुरू केली आणि पूर्ण सहा मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. आठव्यांदा टोपली आली!

सासरे बघतच राहिले. "तुला कसं ठाऊक?"

"तुम्ही शाळेत असायचात. रोज दुपारी कोण लावत होतं?"

मी झटकन पट्टीवरचं बटण दाबलं, खेळ कार्डात. झालं एकदाचं! पण सासऱ्यांना आपलं लिखाण बघायचं होतं. प्रोग्रामच्या ओळींना तेव्हा नंबर असायचे. बोट ठेवून वाचता वाचता ते दोनशे पंधरावर थांबले. "ही ओळ माझी नाही."

"माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "फळं फार जोरात पडायची. पोरीला एक झेलता येईना, रडायची. मग मी हळू केली."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही शाळेतून आल्या आल्या विचारायचात, आज किती झेलली? आणि आकडा ऐकून इतके खूश व्हायचात..."

सासऱ्यांनी दोनशे पंधरावरचं बोट उचललं. मग त्यांनी स्वतःची खुर्ची सरकवली, शेजारी दुसरी ओढली आणि म्हणाले, "बस. आणखी काय काय बदललंयस, दाखव."

संध्याकाळपर्यंत दोघं उठले नाहीत. मला वाटलं, सुटलो! कसला सुटतोय? पुढच्या रविवारी पुन्हा बोलावणं, खेळायला या म्हणून. गेलो. हळूवालाच लावून दिला मला. आख्ख्या डावात तीन फळं झेलली. सासरे खोकल्याचं निमित्त करून दुसरीकडे बघायला लागले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि मायेनं म्हणाल्या, "थांबा जावईबापू, तुमच्यापुरतं अजून थोडं हळू करते."