खालची अक्षरं

सून : हिला फार चरे पडलेत. हिचं काय करायचं?

सासरे : नको, आत्ताच झाला.

सून : काय झाला?

सासरे : चहा. तुला हवा असेल तर आत सांग. प्लास्टरचा पाय घेऊन तू उठू नकोस.

सून : चहा नाही म्हटलं मी, चरे. ही डिस्क बघा ना, मागून. पुसून घेऊ का?

सासरे : बसूनच घे की. उभ्यानं घ्यायला सांगितलंय कोणी?

सासूबाई : अहो, पुसून! पुसून घेऊ का विचारतेय ती! मी इथे स्वयंपाकघरात मटार सोलतेय, मला कळलं. तुम्ही तिच्या शेजारी बसलाय, तुम्हाला नाही? लक्ष असतं कुठे माणसाचं? त्यापेक्षा भिंतीशी बोलावं, ती निदान मधेच उठून तरी जात नाही.

सासरे : ऐकतोय मी. पूस, पूस. चष्म्याचं फडकं घे. मधून कडेला सरळ पुसायचं, गोल नाही फिरवायचं.

सून : बरं. ही झाली की कोर्टाच्या खटल्याचा सिनेमा घेते. तोवर तुम्ही पुढच्या काढून ठेवता?

सासरे : एक विचारू? हे सगळं त्या एवढ्याशा डबीत मावणार? तीन कपाटं आहेत माझी. एकेक डिस्क हुडकून आणलेली. दुकानं बंद व्हायला लागली तेव्हा तर मी मालकाच्या आधी जाऊन दारात उभा राहायचो.

सून : मावणार. डिस्क संगणकात घालायची, तो तिची नक्कल काढतो, मग मी ती जरा आवळून डबीत टाकते. डबी टीव्हीला जोडलेली आहे. रिमोटनं नाव निवडायचं की सिनेमा सुरू. तुमच्या खोलीत फोनवरसुद्धा दिसेल.

सासरे : हं.

सून : तुमचा प्लेअर बंद पडला, नवा कुठे मिळेना, म्हणून तर तुमच्या लेकानं ही डबी आणली. आणली आणि स्वतः गेला कामावर फिरतीला.

सासरे : हं, हं. बरोबर.

सून : काल तुम्ही जहाजाचा सिनेमा मधेच सोडून उठलात.

सासरे : ही बघ, ही दोन भावांची. हिच्या कव्हरचं झाकण तुटलंय.

सून : ऐका ना.

सासरे : हं?

सून : काल. जहाजाचा सिनेमा. मी डबीत टाकलेला पहिलाच. तुम्ही दहा मिनिटांत उठलात. आवडला नाही?

सासरे : सिनेमा नामी आहे. पण तू केलेल्यात ती मजा नाही.

सून : चित्र खराब आलं का?

सासरे : चित्र झकास. पहिल्यापेक्षा झकास.

सून : मग आवाज?

सासरे : आवाजाचं काय... आवाज ठीकच असेल.

सून : मग काय? सांगा तरी. आठवडाभर हेच करतेय मी. पाय वर टाकून बसायचं आहे, तर निदान घरच्या कुणाच्या उपयोगी पडावं म्हटलं. नको असेल तर नाही करत.

सासरे : अगं, तोंड पाडू नकोस. खाली अक्षरं नव्हती, एवढंच.

सून : अक्षरं? सबटायटल्स? पण तो आपल्याच भाषेतला सिनेमा आहे. परक्या भाषेतल्यांना मी ठेवतेय की. आपल्या भाषेतल्यांना कशाला म्हणून खूण नाही केली.

सासरे : छापखान्यात जन्म गेला माझा. अक्षरं नसली की पान कोरं वाटतं.

सून : सिनेमा म्हणजे पान नव्हे.

सासरे : तुझ्यासारख्या ग्रंथालयात बसणाऱ्या बाईनं तरी असं म्हणू नये.

सून : बरं, ठेवते अक्षरं. एक विचारू? मागच्या रांगेतल्या डिस्का कुणाच्या?

सासरे : माझ्याच. सगळ्या माझ्या.

सून : त्यांच्यावर धुळीचा थर आहे. पुढच्या रांगेतल्यांच्या कडा मात्र हाताळून गुळगुळीत झाल्यात. आमच्याकडे कुठलं पुस्तक लोक नेतात आणि कुठलं नुसतं उभं असतं, ते पाठीवरून कळतं. मी मागच्या आठ-दहा उलटून बघितल्या. सगळ्या आपल्या भाषेतल्या, आणि एकीवरही अक्षरं नाहीत. पुढच्या रांगेत एकही बिनअक्षरांची नाही.

सासरे : काय म्हणालीस? खाली बघून बोलतेस तू. पुटपुटतेस.

सून : काही नाही. थांबा. हे वाचा.

(ती संगणकावर मोठ्या अक्षरांत एक ओळ टाइप करते आणि पडदा त्यांच्याकडे वळवते.)

सासरे : "तुम्हाला कमी ऐकू येतं का?" ...श्शू! हळू बोल, ती आत आहे.

सून : मी बोललेच नाही. टाइप केलं.

सासरे : हो, तेही खरंच.

सून : कधीपासून?

सासरे : तोंड इकडे कर. हां, आता बोल.

सून : कधीपासून असं होतंय?

सासरे : एकदम कुठे होतं? थोडं थोडं जातं. छापखान्यात मोठं यंत्र होतं माझ्याकडे. सुरू झालं की खालची फरशी हादरायची. तिथे सगळेच ओठांवरून बोलायचे, ऐकू कुणालाच यायचं नाही. त्यामुळे कान गेले ते कळायलाच मला उशीर झाला. घरी आल्यावर घर शांत वाटायचं. म्हटलं, वा, किती निवांत आहे!

सून : मग सांगितलं का नाहीत?

सासरे : तिथे ज्याचे कान गेले त्याला यंत्रावरून काढून बांधणीत बसवायचे. नुसते गठ्ठे बांधायचे. म्हणून लपवलं. पुढे काम सुटलं, पण लपवायची सवय काही सुटली नाही. शिवाय, माझे काका होते. बहिरे. घरात पाहुणे आले की सगळे त्यांच्याभोवती बसून बोलायचे, त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. "त्यांना काय कळतंय," म्हणायचे. त्यांना सगळं कळायचं गं. मी त्यांच्या शेजारी बसायचो ना, मला माहीत आहे.

सून : हळू बोला. आईंना ऐकू जाईल.

सासरे : हळूच बोलतोय की. आणि तुझं तर सगळ्यात अवघड. बाकीच्यांचं अर्धं कळतं, अर्धं मी जुळवून घेतो. तुझं काहीच हाताला लागत नाही. मला वाटायचं, मुलगी अबोल आहे. घुमी आहे म्हण ना.

सून : मी घुमी? माहेरी मला रेडिओ म्हणायचे.

सासरे : काय म्हणायचे?

सून : रेडिओ!

सासरे : मग इथे येऊन बंद का पडलीस?

सून : सांगू? राग नाही ना येणार?

सासरे : आधी ऐकू तर येऊ दे. मग रागाचं बघू.

सून : लग्न ठरलं त्या दिवशी तुम्ही खिडकीशी उभे होतात. मी मुद्दाम तुमच्याजवळ आले. खूप धीर गोळा करून विचारलं, "मी पण तुम्हाला आप्पा म्हटलं तर चालेल ना?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, खिडकी लावलीत आणि आत निघून गेलात.

सासरे : कुठे गेलो?

सून : आत. एक शब्द न बोलता. मला वाटलं, मी या माणसाला पसंत नाही. त्यानंतर मी तुम्हाला कधी हाकच मारली नाही. तुमच्या लक्षात आलं का कधी? आल्यापासून नुसतं "अहो" आणि "ऐका ना". काही विचारलं की तुम्ही उठून जाता, नाहीतर नुसतं "हं" म्हणता. काल सिनेमा सोडून उठलात तेव्हा तर... जाऊ दे.

सासरे : अगं, मला वाटलं तुला थंडी वाजतेय!

सून : काय?

सासरे : तुझे ओठ थरथरत होते. वारा सुटलेला. मला वाटलं, पोर खिडकी लावा म्हणतेय. म्हणून लावली. आणि आत गेलो तो शाल आणायला. शाल सापडेना, हिनं कुठे घडी करून ठेवलेली कोण जाणे. बाहेर आलो तोवर तुम्ही सगळे निघायला उभे.

सून : शाल?

सासरे : तर! आणि तू इतके दिवस हे असं मनात धरून बसलीस?

सून : मला काय ठाऊक!

सासरे : डोळे पूस आधी. चष्म्याचं फडकं घे हवं तर. आणि आता विचार.

सून : काय विचारू?

सासरे : तेच. इकडे तोंड करून, सावकाश.

सून : मी तुम्हाला... आप्पा म्हटलं तर चालेल?

सासरे : चालेल का म्हणजे? मी वाट बघत होतो. शेवटी म्हटलं, हल्लीच्या मुली सासऱ्यांना काही म्हणतच नसतील, रीत बदलली असेल.

सासूबाई : झालं का तुमचं?

सासरे : अगं, तू कधी येऊन उभी राहिलीस?

सासूबाई : केव्हाची. आणि मी आतच असते तरी काय फरक पडणार होता? तुम्ही हळू बोलताय असं तुम्हालाच वाटतंय. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन थांबली असेल, पुढे काय झालं ऐकायला.

सून : आई, बसा तुम्ही. हातातलं ताट द्या इकडे.

सासूबाई : नाही बसायचं मला. अहो, मग मी इतकी वर्षं भांडले ती कुणाशी?

सासरे : माझ्याशीच की.

सासूबाई : आणि तुम्हाला ऐकू आलं किती त्यातलं?

सासरे : खरं सांगू? वरचे सूर यायचे. मजकूर नाही.

सासूबाई : ऐकलंस गं? मजकूर नाही म्हणे! मी एकेक मुद्दा रात्र रात्र जुळवून ठेवायचे. ह्यांनी कधी उलट शब्द काढला नाही. मी चारचौघींत सांगत आले, आमच्या ह्यांचा स्वभाव म्हणजे देवमाणूस, कितीही बोला, चढ्या आवाजात उत्तर नाही!

सासरे : मग ते खोटं कुठे आहे?

सासूबाई : हसू नका. मला रडू येतंय आणि तुम्ही हसताय. मी तुम्हाला भिंत म्हटलं हो. आत्ता, मघाशीच. तेही नाही आलं ना ऐकू?

सासरे : नाही.

सासूबाई : बरं झालं. आणि एकट्यानं गिळून बसलात सगळं. काकांसारखं होईल म्हणून? मी असताना? माझ्याइतकं बोलणारं माणूस घरात असताना तुमच्याशी बोलायचं थांबणार कोण होतं?

सासरे : ते मात्र मी धरलंच नव्हतं हिशेबात.

सून : आप्पा, उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. मी टॅक्सी बोलावते. माझ्या कुबड्या आणि तुमचे कान, एकाच खेपेत.

सासरे : आणि माझे सिनेमे?

सून : पुढच्या रांगेतले पुन्हा टाकते, अक्षरांसकट. एक खूण करायची असते फक्त.

सासरे : मागच्या रांगेचं काही होत नाही ना? अगदी जुने, माझ्या लग्नाआधीचे आहेत त्यात. ऐकू येत होतं तेव्हा पाहिलेले. आता लावतो आणि नुसती तोंडं हलताना बघतो. मग बंद करतो.

सून : त्यांना अक्षरं आपण घालू.

सासरे : आपण म्हणजे?

सून : मी ऐकून टाइप करते. कुठली ओळ केव्हा यायची तेही टाकता येतं. सुट्टीत एखाद-दुसरा तरी होईल. तुम्ही चुका काढा.

सासरे : चुका? त्यात माझा हात कुणी धरणार नाही. यंत्रावर असलो तरी छापायला चढलेली ओळ मी उलटी वाचायचो.

सासूबाई : आणि मी काय करू? मटारच सोलू?

सून : तुम्ही आप्पांना बायकांचे संवाद नीट म्हणून दाखवायचे. माझा आवाज पोचत नाही.

सासूबाई : हे जमेल. माझ्या आवाजाला आजवर कुणी कामाला नाही लावलं.

* * *

सासरे : कोण वर्तमानपत्र फाडतंय?

सून : फाडत नाही कोणी, आप्पा. आईंनी पान उलटलं.

सासरे : एवढा आवाज होतो पानाचा?

सासूबाई : तो एवढाच होतो! कानाला यंत्र लावल्यापासून ह्यांचं हेच चाललंय! सकाळी नळाला दचकले! मघाशी विचारतात, ही चिमणी रोज येते का!

सासरे : अगं, ओरडू नकोस. मला येतंय ऐकू.

सासूबाई : सवय लागलीय, आवाज खाली येतच नाही माझा. बघा, आता हळू बोलायला गेले की घसा बसल्यासारखा वाटतो. ऐकू आलं हे?

सासरे : आलं.

सासूबाई : अगदी? शब्दन् शब्द?

सासरे : मजकुरासकट.

सासूबाई : मग आता जपूनच बोलायला हवं मला.

सून : आप्पा, लावू का? मागच्या रांगेतला, आपण तयार केलेला. उद्यापासून मी कामावर. प्लास्टर निघालंय, आता सबब चालायची नाही.

सासरे : लाव. थांब, आधी परत एकदा बोल काहीतरी.

सून : काय बोलू?

सासरे : काहीही. मी तुझा आवाज वेगळाच धरला होता मनात. बारीक, चिरका. हा तर भरीव आहे.

सून : माहेरी रेडिओ उगाच नव्हते म्हणत.

सासूबाई : चला, बसा गप्प दोघं. सुरू झाला. हा बघा, हा ह्यांचा आवडता. बाई गं, किती तरुण होता हा!

सून : आप्पा, आता यंत्र आहे तर खालची अक्षरं काढून टाकू? तुम्हाला नुसतं ऐकायचं असेल.

सासरे : नको, राहू देत. तुम्ही दोघी मधेमधे बोलाल ना, तेव्हा मी तुमचं ऐकेन आणि सिनेमा वाचेन.