सुईचा गॅस

शेजारच्या देशातून गॅस आणाच्या गोष्टी मले नका सांगू! आमच्या मायनं हा ठराव अकोल्यात चुलीपुढंच मांडला होता. फाळणीत कराची सोडून आलेल्या सिंधी काकू आमच्या बाजूले राहत. माय रोज सकाळी त्यांच्याकडून विस्तव आणे. एक दिवस काकूले कराचीच्या मैत्रिणीचं पत्र आलं, "सुई नावाच्या गावाहून नळानं गॅस येते. आता माझ्या चुलीले लाकूड लागत नाही."

माय म्हणे, "मंग तो नळ इकडं वाढवा म्हना त्याइले! शेजाऱ्याले विस्तव मागाले कायची लाज?"

काकू मायच्या गोवरीवर निखारा ठेवता ठेवता थांबल्या. म्हणाल्या, "गॅस तो आयेगा, बहेन. पन त्या नळातून मले परत जाता येईन का?"