शाळेसमोरची बेकरी

"खाली बेकरी, वर भाड्याची घरं? लोर्नाबाई, शाळेसमोर आधीच गाड्यांची झुंबड! नियोजन मंडळ नाहीच म्हणणार."

"लावा पैज, वेंडेलराव! परवानगी मिळाली, तर तुम्ही बदकाची टोपी घालून नातीला शाळेत पायी सोडायचं."

"लागली!"

सुनावणीत वेंडेलने गर्दीवरून रान उठवलं. लोर्नाचा जीव टांगणीला. तिने भट्टीसुद्धा आणून ठेवली होती.

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी वेंडेलला विचारलं, "आपण राहता कुठे?"

"हे काय, बेकरीच्या रस्त्यापलीकडे. शाळेशेजारी."

"मग रोज शाळेच्या दारात आडवी लावलेली लाल गाडी कुणाची?"

"माझीच... नातीला सोडायला."

"म्हणजे गर्दी बेकरी करत नाही, तुम्ही करता!"

हॉल खदखदून हसला. परवानगी मिळाली.

सोमवारी बदकाची टोपी घातलेला वेंडेल नातीसोबत चालत येताच शाळेसमोर हॉर्नचा गजर झाला.

"वाह, बदकराव!" लोर्ना ओरडली.

"आजोबा, गाडीपेक्षा लवकर पोचलो की!"

"हळू बोल गं, लोर्नाला ऐकू जाईल!"