आईला पोहायचं होतं

आमच्या आईचं ऐका. धाकट्या भावानं आई-वडिलांना मेक्सिकोच्या समुद्रकाठी रिसॉर्टवर न्यायचं ठरवलं. तिथं सगळ्यांनी मिळून काय करायचं, हे विचारायला त्यानं अमेरिकेतून उंब्रजला व्हिडिओ कॉल लावला. होडी म्हणा, पोहणं म्हणा, वडील, म्हणजे आमचे नाना, सगळ्यालाच "नगं" म्हणाले.

"आई, तुला काय करायचंय?"

"मला पोहायचंय."

आम्ही हसलो. "तुला येतं?"

"लग्नाआधी कृष्णा पार करत हुते. नंतर कुणी इचारलंच न्हाई."

भाऊ सांगतो, तिथं आई खरंच समुद्रात शिरली. नाना काठावरनं ओरडले, "लांब जाऊ नगंस!"

"मग तुमी या की!"

नाना हळूच म्हणाले, "मला पवता येत न्हाई गं."

आईनं माघारी येऊन त्यांचा हात धरला. "गुडघाभर पाण्यात चला. मी हाय."