उपासाच्या सकाळी दिलेली गोळी

त्या दिवशी सकाळी मी अंगण झाडलं. सडा टाकला. बंब पेटवून ह्यांना अंघोळीचं पाणी काढून दिलं. देवापुढच्या घटाला पाणी घातलं, नैवेद्याच्या वाटीत गुळाचा खडा ठेवला. मग ह्यांच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या आणि तांब्या पुढं केला. गोळ्या गिळून हे म्हणाले, "झाला आमचा नाश्ता."

मंडळी, बोलायला उभी राहिले आणि तेवढंच आठवलं. तुम्ही कामगार शिफ्ट सोडून ह्या शोकसभेला आलात. गावाकडनं पाहुणे आलेत. माझ्या नणंद, आक्का, समोर बसल्यात. चार चांगले शब्द बोलायचं ठरवून आले होते. ते काही जमायचं नाही. सांभाळून घ्या.

माझ्या आधी जे बोलले, ते सगळे म्हणाले, फोरमन भाग्यवान. नवरात्रात गेले. देव अंगात आला आणि गेले. तुम्ही मायेनं बोललात. पण देव अंगात आला नव्हता हो. रक्तातली साखर उतरली होती. हे मी आज बोलले नाही, तर परत कुणी बोलणार नाही.

ह्यांना साखरेचा आजार होता, सहा वर्षं. तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीत तुम्हीच चिडवायचा, "फोरमन, तुमच्या वाट्याचा लाडू आमी खाल्ला, उपकार माना." आणि हे म्हणायचे, "खावा रं, उद्या माझ्याच लायनीत हुबं ऱ्हायचंय."

आमचं मूळ गाव म्हसवडकडचं. कुपवाडला येऊन तीस वर्षं झाली, तरी दिवाळीनंतरचं सिद्धनाथाचं नवरात्र ह्यांनी सोडलं नाही. दिवसभर पाणी, संध्याकाळी थोडं फळ. पाच वर्षं एकच गोळी होती आणि उपास निभावला. यंदा गणपतीनंतर डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली. म्हणाले, जेवणाआधी घ्यायची, चुकवायची नाही. उपासाचं त्यांनी विचारलं नाही. आम्ही सांगितलं नाही.

घरात चर्चा झाली, नाही असं नाही. पण कशाची? गोळीनं उपास मोडतो का, ह्याची. आक्का घरातल्या वडीलधाऱ्या. त्यांनी निकाल दिला. "आरं, औषद म्हंजे अन्न हाय व्हय? माझ्याबी ह्याच गोळ्या हायत. गुरवारी उपाशीपोटीच घेती की मी." हे हसले. "देवाला रिपोर्ट दावावा लागतोय का मग, आक्का?" आक्का म्हणाल्या, "तू गप गोळी खा."

सगळ्यांचं समाधान झालं. गोळी उपासाला काय करते, ते विचारून झालं. उपास गोळीला काय करतो, ते कुणी विचारलं? कुणीच नाही. मीही नाही.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी, गोळ्या दिल्या त्याच सकाळी, थंडीत, ह्यांना घाम फुटला. बनियन पिळून निघेल असा. हात थरथरायला लागले. माझ्याकडं बघून म्हणाले, "मशीन बंद कर." मी म्हटलं, "आवं, घरात कुठली मशीन?" ओरडले, "बंद कर म्हणतोय न्हवं!" माझ्यावर कधी आवाज न चढवणारा माणूस.

आक्कांनी हात जोडले. "नाथ आलं गं. नाथ आलं." शेजारच्या बायका धावल्या. कुणी गुलाल लावला, कुणी उदबत्ती लावली. आक्कांनी विचारलं, "देवा, आमचं काय चुकलं का?" हे म्हणाले, "बंद कर." आम्ही पाया पडलो. मीसुद्धा पडले. माझ्या माणसाचा जीव चालला होता आणि मी त्याच्या पायावर डोकं ठेवून क्षमा मागत होते.

वाटीत गूळ होता. हात लांब केला असता तर हाताला लागला असता. मी तो गूळ बघत होते.

मग त्यांचे डोळे मिटले. "देव दमलाय, पडू द्या," असं ठरलं. मी चादर घातली. तासाभरानं झटका आला, तेव्हा कुठं गाडी बोलावली. सांगलीच्या दवाखान्यात यंत्रावर साखरेचा आकडाच आला नाही, इतकी ती खाली होती. त्यांनी शिरेतून साखर सोडली. पण मेंदूला साखरेवाचून फार वेळ झाला होता. ह्यांनी डोळे उघडले नाहीत. दवाखान्यातच तिसऱ्या दिवशी गेले.

मी सातवी शिकलेली बाई. पण कागद दिसला की वाचते. भडंगाचा पुडा बांधून आला तर तोसुद्धा. ज्या गोळीनं माझं घर मोडलं, तिचाच कागद तेवढा कधी वाचला नाही. हे गेल्यावर वाचनालयातून पुस्तक आणवलं. डॉक्टरांना विचारलं, मेडिकलवाल्याला दोनदा विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. ह्यांची जुनी गोळी सौम्य होती. आपलं यकृत रक्तात साखर सोडत असतं, ते सोडणं ती कमी करायची. एकटी असली तर ती साखर सहसा फार खाली नेत नाही. नवी गोळी वेगळी. पोटामागं स्वादुपिंड असतं, ते इन्शुलिन सोडतं आणि इन्शुलिन रक्तातली साखर काढून घेतं. नवी गोळी त्या स्वादुपिंडालाच इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात का, हे ती बघत नाही. तुम्ही लेथवाले आहात, तुम्हाला लगेच कळेल. बटण दाबलं की चक गरगर फिरतो, त्यात घडवायचा लोखंडी जॉब लावलेला असो नाहीतर नसो. बटण मी दाबलं. माझ्या हातानं, देवाला नमस्कार करून.

आणि घाम, थरथर, भलतंच बोलणं, ही साखर उतरल्याची खूण. गिळता येत होतं तोवर गूळ नाहीतर साखरेचं पाणी द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. एवढंच होतं. एवढंच होतं हो!

गोळ्या वाईट नाहीत. घरी जाऊन फेकून देऊ नका, नाहीतर ते पापही माझ्या माथी येईल. उपास सोडा असंही मी म्हणत नाही. मला कोण विचारतंय? पण बायांनो, मार्गशीर्ष लागलाय. तुमच्यातल्या किती जणी गुरुवार धरतात आणि सकाळी गोळी घेतात? हात वर करू नका. ज्यांनी गोळी दिली, त्यांना जाऊन सांगा. लाजू नका. आम्ही लाजलोसुद्धा नव्हतो, आम्हाला नुसतं सुचलं नाही.

आक्का, रडू नका. तुम्हाला दोष द्यायला मी उभी नाही. पाया मीही पडले होते.

आता सगळ्यांनी माझ्याबरोबर दोन मिनिटं गप्प उभं राहा. त्यांच्यासाठी काही मागू नका, नुसतं उभं राहा. त्याआधी एकच सांगते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी आक्कांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडं गेले, आणि त्यांनी विचारायच्या आधी सांगितलं, "ह्या गुरुवार धरतात."