चौथा गुरुवार

(पनवेल. सरकारी दवाखान्यातली नऊ नंबरची खोली, सकाळ. टेबलामागे समुपदेशक वल्लरी. समोर गव्हाण गावचा कमळाकर, हातात पिवळं कार्ड घेऊन उभा.)

कमळाकर: सही मी करणार नाय, मॅडम. आदीच सांगतो, उगाच तुमचा टाइम नको खायला.

वल्लरी: कसली सही, काका?

कमळाकर: काडीमोडाची. हे कार्ड माज्या बायकोच्या पिशवीत गावला. वर काय लिवलाय? समुपदेशन. खाली तीन गुरुवारच्या तारखा. आज तिसरा.

वल्लरी: बसा तरी.

कमळाकर: बसत नाय. माजा पुतण्या, मितेश. त्याच्या बायकोने पण त्याला असाच समुपदेशनाला बोलावलेला, पोलीस ठेसनच्या बाजूच्या हापिसात. तीन वेळा चहा पाजला, गोड बोलले. चौथ्या वेळी कागद पुढं. आज पोरगा एकटा भात शिजवतो.

वल्लरी: ते केंद्र वेगळं. तिथे नवरा-बायकोच्या तक्रारी जातात. इथे मनाला त्रास असेल तर लोक बोलायला येतात. मी वकील नाही.

कमळाकर: तरी म्हटला, काडीमोड येवढा स्वस्त कसा! आदी आमची पुतणी दिपिका माज्या बायकोला खारघरला खाजगी मॅडमकडं घेऊन गेलेली. तिकडं तासाचे दीड हजार. मग गावच्या आशाताईने इकडचा पत्ता दिला. नुसता केसपेपर काढायचा. मला वाटला, सरकारी वकील असेल.

वल्लरी: फक्त बोलायचं असतं. सही नाही, निकाल नाही. आणि इथे कोण येतं, काय बोलतं, ते मी कुणालाच सांगत नाही. तुमच्या घरचं माणूस येतं की नाही, तेही.

कमळाकर: म्हंजे तिने माजी काय तक्रार केली, ते कळणारच नाय?

वल्लरी: माझ्याकडून नाही.

कमळाकर: मग माजी बाजू पण ऐका. नायतर एकतर्फी होईल.

वल्लरी: सांगा. अकरापर्यंत मी मोकळी आहे.

कमळाकर: बसतो मग. आमची वेणू धवलारीण हाय. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय हळद लागत नाय. ती धवळे, म्हंजे लग्नाची गाणी गाते, मग पुढचा सगळा. उलव्यापासून उरणपर्यंत तिला बोलावणी यायची.

वल्लरी: यायची?

कमळाकर: तुळशीचा लग्न झाला आणि पैलीच हळद होती, दुसऱ्या गावात. आमच्या अंकिताला ताप होता. पोरगी म्हणाली, जा आई, साधा ताप हाय. वेणू गेली. घरात मी होतो. अंगणात मोबाइलवर मॅच बघत होतो. डेंगू होता तो. सव्वीस वर्षांची पोरगी, चार दिवसांत गेली.

वल्लरी: हं.

कमळाकर: तेराव्याला सगळा गाव जमलेला. मी वेणूला बोललो, दुसऱ्यांच्या पोरींना हळदी लावत फिरलीस, आपल्या पोरीचा ताप दिसला नाय तुला. सगळ्यांसमोर बोललो. तेव्हापासून तिचा गळाच बंद. गायला उभी राहते, तोंड उघडते, शब्द नाय. माज्याशी पण हो-नाय, येवढाच.

वल्लरी: तुम्ही बोललात ते खरं वाटतं तुम्हाला?

कमळाकर: खरा असता तर मला झोप आली असती.

वल्लरी: हे त्यांना सांगितलंत?

कमळाकर: दहा महिने झाले. आता कुठल्या तोंडाने सांगू? तुमीच लिवा कागदावर, कमळाकर चुकला म्हणून. त्याच्यावर करतो सही.

वल्लरी: ते लिहून होत नाही, काका. बोलावं लागतं. अकरा वाजले. दार वाजतंय.

वेणू: मॅडम, येऊ का? अगो बाय! तुमी इकडं काय करता?

कमळाकर: सही करणार नाय, ते सांगायला आलेलो.

वेणू: कसली सही?

कमळाकर: काडीमोडाची. ते जाऊंदे. वेणू, तेराव्याला मी जे बोललो...

वेणू: हळू बोला. भायेर लोकं बसलीत.

कमळाकर: तेव्हा कुठं हळू बोललो? ताप मला दिसायला पायजे होता. घरात मी होतो.

वेणू: ठाव हाय मला.

कमळाकर: ठाव हाय? मग तेव्हाच का नाय बोललीस?

वेणू: बोलले असते तर तुमी जगला असता?

वल्लरी: बसा, वेणूताई. पाणी घ्या. ही वेळ तुमची आहे. काकांनी आत थांबायचं की बाहेर, तुम्ही ठरवा.

वेणू: भायेर. मला त्यांच्याबद्दलच बोलायचा हाय.

कमळाकर: बसतो भायेर. आणि पुढचा गुरुवार, मॅडम? तो चौथा.

वल्लरी: वेणूताईंची हरकत नसेल तर दोघं या. तुमचा केसपेपर तेवढा वेगळा काढा.

वेणू: येऊ दोघं. आता जा, बाकड्यावर बसा. आणि कोणी कागद पुढं केला तर सही करू नका.